ओव्हरमध्ये राहून गेलेलं



परिचारिकांच्या या परिषदेसाठी महामारीतली परिचर्या हा विषय मी कळवला तेव्हा एका मैत्रिणीनं फोनवरच विचारलं, "अजून तेच?" तिचं चुकलं नाही. २२ मार्च २०२०ला थाळ्या वाजल्या, ३ मेला हेलिकॉप्टरमधून फुलं पडली, मग प्रमाणपत्रं आली, आणि लाट ओसरल्यावर कंत्राटावर घेतलेल्या कितीतरी मुली घरी बसल्या. यावर बोलून झालं आहे. मला आज ना कौतुकावर बोलायचं आहे, ना गाऱ्हाण्यावर. त्या दोन वर्षांत आपण जे शिकलो ते गेलं कुठे, एवढंच मला विचारायचं आहे.

२०२० हे परिचारिका आणि प्रसाविकांचं वर्ष म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं आधीच जाहीर केलं होतं. त्या १२ मेला फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं होत होती. समारंभ बाजूला राहिले. एप्रिलमध्ये संघटनेचा अहवाल तेवढा आला: जगात तेव्हा २ कोटी ७९ लाख परिचारिका होत्या आणि अजून ५९ लाख हव्या होत्या. नाइटिंगेलबाईंच्या नावानं आपण दर वर्षी दिवा लावतो, शपथ घेतो, फोटो काढतो. त्यांचे तक्ते मात्र आपल्या पोरींना कुणी दाखवत नाही. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगानं जास्त मेले, हे त्यांनी मृत्यूंच्या नोंदी मांडून सिद्ध केलं. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. तरी इथल्या लष्करी छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून त्यांनी पाण्याची, गटारांची, मृत्यूंची माहिती मागवली आणि ती १८६३च्या सॅनिटरी कमिशनच्या अहवालात वापरली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. दूर बसून अभ्यास करायची युक्ती लॉकडाउनमध्ये निघाली असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे सांगितलं.

आता आपल्या रत्नागिरी जिल्ह्याकडे येते. मार्च २०२०मध्ये गुहागर तालुक्यात पहिला रुग्ण सापडला. तेव्हा रत्नागिरीत तपासणीची सोय नव्हती. स्वॅब घाट चढून मिरजेला जायचे आणि रिपोर्टची वाट पाहण्यात दिवस जायचे. जूनमध्ये इथे प्रयोगशाळा सुरू झाली. तोवर मधल्या दिवसांत खरा प्रश्न असायचा तो ज्याचा रिपोर्ट आलेला नाही त्या माणसाचा. त्याला कुठल्या कॉटवर ठेवायचं, संडास कुठला द्यायचा, जेवणाचं ताट कोण नेणार, शेजारच्या दम्याच्या म्हाताऱ्याला कुठे हलवायचं. परिपत्रकं येत होती, रोज बदलतही होती. पण रात्री दोन वाजता निर्णय घ्यायचा तो ड्युटीवरच्या सिस्टरनं. तिनं तो घेतला. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना वॉर्ड सोपवताना, पुढच्या सिस्टरला सांगितला, तिनं त्यात आपली भर घातली आणि संध्याकाळी तिसरीला दिला. आठ दिवसांत वॉर्डाची एक पद्धत बसली. ही पद्धत कागदावर कुठेही नाही.

पालथं झोपवण्याचंच घ्या. व्हेंटिलेटरवरच्या गंभीर रुग्णाला रोज सोळा तास पालथं ठेवलं तर अठ्ठावीस दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतं, हे मुख्यतः फ्रान्समध्ये झालेल्या अभ्यासानं २०१३मध्येच दाखवलं होतं. पण जिल्हा पातळीवर किती जणींनी ते तोवर हातानं केलं होतं? ऐंशी-नव्वद किलोचा माणूस, घशात नळी, मानेत सेंट्रल लाइन, खाली कॅथेटर. पाच जणी लागतात. डोक्याशी उभी असते तिनं नळी धरायची आणि आकडे म्हणायचे. तिच्या 'तीन'वर बाकीच्यांनी चादरीसकट आधी कुशीवर आणि मग पालथं करायचं. छातीवरचे लीड काढून पाठीवर लावायचे. एक हात वर, एक खाली, तोंड वरच्या हाताच्या बाजूला, आणि दर दोन तासांनी बाजू बदलायची. हे सगळं पीपीई किटमध्ये, गॉगलवर वाफ धरलेली असताना. दोन-तीन दिवसांत हनुवटीवर, गालाच्या हाडावर, कपाळावर लाली दिसू लागते. जेल पॅड कुठून आणणार? कापसाच्या रिंगा गॉजमध्ये गुंडाळून गालाखाली दिल्या गेल्या, चादरींच्या वळकट्या करून छातीखाली आणि कमरेखाली सरकवल्या, पोट मोकळं ठेवलं. कुठली वळकटी किती जाड हवी, बारीक अंगाच्या बाईला कशी, पोट सुटलेल्या माणसाला कशी, हे हातांना कळत गेलं.

जागे असलेले रुग्ण त्याहून अवघड. मशीनला जोडलेला माणूस तक्रार करत नाही. जागा माणूस दहा मिनिटांत उताणा होतो. जागेपणी पालथं झोपवण्याचा सहा देशांतला एकत्रित अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ११००हून जास्त रुग्ण होते. पालथ्या झोपणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांची प्रकृती ढासळून नळी घालायची पाळी आली किंवा मृत्यू झाला. नेहमीच्या उपचारांत हेच प्रमाण ४६ टक्के होतं. जे जास्त वेळ पालथे राहिले त्यांना जास्त गुण आला. पण त्या रुग्णाला तितके तास पालथं राहायला राजी कुणी करायचं? ते काम शंभर टक्के परिचर्येचं आहे. कोकणातल्या म्हाताऱ्याला कसं राजी करायचं हे परदेशातल्या संशोधकांना विचारून कळणार नाही. कुणी मुंबईच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावून त्याच्याकडून दटावून घेतलं, कुणी मोबाइलवर भजन लावून "हे संपेपर्यंत तरी" म्हणून गळ घातली. किटमधली सिस्टर कोण ते कळेना म्हणून एक आजी मला म्हणाली होती, "बाय, तोंड तरी दाखव गो एकदा." तोंड दाखवता येत नव्हतं. मग छातीवर मार्करनं नाव लिहायचं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कॉटजवळ जाताना आधी आवाज द्यायचा. या उपायांनी तासभर जास्त कुणी पालथं राहिलं का? मोजलं असतं तर तो जगाला सांगण्याजोगा शोधनिबंध झाला असता.

मोजलं की काय होतं, याची दोन उदाहरणं आहेत. एप्रिल २०२१मध्ये ऑक्सिजनसाठी सगळा महाराष्ट्र धावत होता. २१ तारखेला नाशिकला महापालिकेच्या रुग्णालयात टाकीची गळती झाली आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. त्याच काळात नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यानं 'ऑक्सिजन नर्स' नेमली होती. तिचं काम एकच: कॉटाकॉटांवर फिरून कुणाचा फ्लो गरजेपेक्षा जास्त आहे, कुठे मास्क ढिला आहे, कोण जेवताना मास्क काढून ठेवतो आणि ऑक्सिजन वाया जातो, हे पाहणं आणि त्याच्या नोंदी ठेवणं. या कल्पनेची दखल राज्यानं घेतली, केंद्रानं घेतली. खरं तर फ्लो कमी-जास्त करणं आपण पूर्वीपासून करत आलो आहोत. नंदुरबारनं त्याला नाव दिलं, माणूस दिला आणि वही दिली.

दुसरं उदाहरण केरळचं. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस असायचे, पण आत थोडं जास्तीचं औषध भरलेलं असायचं. हात स्थिर असला, सिरिंज बरोबर असली, तर अकरावा डोस निघायचा. मे २०२१च्या सुरुवातीला केरळनं जाहीर केलं, की त्यांना ७३,३८,८०६ डोस मिळाले आणि त्यांनी ७४,२६,१६४ दिले. म्हणजे ८७,३५८ डोस परिचारिकांच्या हातांतून निघाले. पंतप्रधानांनी त्यांचं नाव घेऊन कौतुक केलं. असे हात रत्नागिरीत नव्हते असं मी मुळीच मानणार नाही. पण केरळकडे आकडा होता.

आता संशोधनाकडे. ब्रिटनमध्ये 'रिकव्हरी' चाचणी मार्च २०२०मध्ये सुरू झाली आणि जूनमध्ये डेक्सामेथासोनचा निकाल आला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू एक तृतीयांशानं कमी, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशानं. औषध स्वस्तातलं, आपल्या ट्रॉलीत नेहमी असणारं. इतकी घाई जमली, कारण कामाचे फॉर्म आटोपशीर ठेवले होते आणि रुग्णालयांत संशोधन परिचारिका आधीपासून नेमलेल्या होत्या. एक्सेटर विद्यापीठातल्या परिचर्या संशोधकांनी तर हजारावर परिचारिकांना विचारलं, की या रुग्णांची कुठली मूलभूत सेवा तुमच्या हातून राहून जाते आहे. आणि त्या उत्तरांवर सेवेची पद्धत बसवून तिची रीतसर चाचणी घेतली. तोंड धुणं, बोलणं, हालचाल, झोप. आपल्याकडे याला कुणी संशोधन म्हणेल का, मला शंका आहे.

आपल्याकडेही दार उघडलं होतं. आयसीएमआरनं एप्रिल २०२०मध्येच नैतिक समित्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. समितीची बैठक ऑनलाइन चालेल, संमती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं घेता येईल, असं सांगितलं. सही केलेला कागद कोविड वॉर्डातून बाहेर कसा आणायचा, ही अडचण सुटली. आपण त्या सवलतीचं काय केलं? गुगल फॉर्म केले. 'कोविडविषयी ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण', शंभर उत्तरं, टक्केवारी, निष्कर्ष, शोधप्रबंध तयार. मी परीक्षक म्हणून असे इतके वाचले, की प्रश्न पाठ झाले. ज्यांच्याकडे फोन आणि डेटा होता त्यांनी उत्तरं दिली. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड-दापोलीत वीज आणि रेंज दोन्ही नव्हती. तिथली आरोग्यसेविका त्या फॉर्मात कशी सापडणार? तिच्याकडे तर सगळ्यांत नवा प्रश्न होता. होम क्वारंटाइनमधले चाकरमानी, डोक्यावरचे पत्रे उडालेले, आणि सगळ्यांना एकाच शाळेत आणायचं. अंतर ठेवायचं की छप्पर द्यायचं?

असे प्रश्न हा आपला खरा ठेवा आहे. मे २०२१मध्ये दुसरी लाट भरात असताना तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. २२ जुलैला चिपळूण बुडालं, एका कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली आणि आतले काही रुग्ण दगावले. साथ आणि आपत्ती एकाच वेळी आली तर वॉर्ड कुठल्या क्रमानं रिकामा करायचा, याचं परिचर्येनं लिहिलेलं टिपण आपल्याकडे हवं. मनोरुग्णालयांतल्या ज्या माणसांना मास्क म्हणजे काय हेच समजावता येत नव्हतं, त्यांच्या सेवेचा अनुभव रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाकडे आहे. राज्यात अशी प्रादेशिक रुग्णालयं चारच. आणि किटचं म्हणाल, तर चीनमध्ये ४३००हून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पाहणीत सुमारे ४३ टक्के जणांच्या त्वचेला इजा आढळली, घाम हे एक कारण निघालं. ती पाहणी फेब्रुवारीतली. आपल्या मे महिन्यात काय झालं असेल ते इथे बसलेल्यांना सांगायला नको, पण आकडा द्यायला आपल्याकडे काही नाही.

वेळ नाही, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खरं आहे. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असं आहे. आपल्यापैकी किती वॉर्डांत ते पाळलं जातं, हात वर करायला लावत नाही. म्हणून मी कुणाला ड्युटी संपल्यावर निबंध लिहा असं सांगणार नाही. जिल्ह्यात निदान एक पद असं हवं, की त्यावरच्या सिस्टरच्या ड्युटीचे तास नोंदींच्या अभ्यासासाठी राखलेले आहेत. २०२३पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, डेरवणला वैद्यकीय महाविद्यालय आहेच. पद कुठे बसवायचं हा अडथळा आता राहिलेला नाही, मागणी करायची तेवढी राहिली आहे.

तोवर एक काम मात्र थांबू शकत नाही. त्या दोन वर्षांची रिपोर्ट बुकं, ओव्हरच्या वह्या, ऑक्सिजनच्या नोंदी, टीपीआर चार्ट आज कुठल्यातरी स्टोअरमध्ये, दमट कपाटात पडून आहेत. काहींना वाळवी लागली असेल. आज ना उद्या ती निर्लेखनाच्या यादीत चढतील आणि रद्दीत जातील. त्याआधी रीतसर परवानगी घेऊन, रुग्णांची नावं झाकून, पानापानाचे फोटो घ्यायला हवेत; आणि ज्या सिस्टरनं ते लिहिलं ती निवृत्त होऊन गावी गेली असेल, तर तिच्या पडवीत बसून तिच्याकडून प्रत्येक नोंदीमागचं ऐकून घ्यायला हवं. यासाठी प्रत्येक तालुक्यातून दोन जणी लागतील. नोंदणीच्या टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे, चहाच्या सुट्टीत तिच्यात नाव, रुग्णालय आणि तेव्हाचा वॉर्ड लिहा. संध्याकाळच्या सत्रात ती यादी वाचून मी पहिली बैठक ठरवणार आहे.