आधी विचारा, मग शिवा

मागच्या वर्षी आमच्या गटाने एका व्यापाऱ्याच्या शब्दावर दीडशे परकर शिवले. ऐनवेळी तो म्हणाला, माल नको. परकर पेटीत पडले, बँकेचा हप्ता काही थांबला नाही. तेव्हापासून स्पेन देशातल्या एका माणसाची गोष्ट माझ्या डोक्यात घोळतेय.

अमान्सिओ ओर्तेगा. वडील रेल्वेत कामाला, घरी ओढाताण. एकदा दुकानदाराने आईला सांगितलं, आता उधारी बंद. पोराने ते ऐकलं, शाळा सोडली आणि शर्टांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. शिवून कितीला पडतं आणि हातोहात जाताना किंमत कशी वाढते, हे तो तिथे शिकला. १९६३ साली त्याने घरच्यांबरोबर गाऊन शिवायला घेतले. गोधडीसारखे टिपलेले, थंडीत घरात घालायचे. सोबत होती रोसालिया मेरा, पुढे त्याची बायको झाली. ती अकराव्या वर्षापासून शिवणकाम करायची. तिचं नाव फार कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेते. कारखान्याचं नाव 'गोआ'! आपल्या गोव्याशी संबंध नाही. त्याच्या नावाची अक्षरं उलटी लावली, एवढंच. पुढे त्या भागातल्या बायाही गटागटाने त्याच्यासाठी शिवू लागल्या. पुष्कळींचे नवरे दर्यावर असायचे.

असं सांगतात की एका मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली आणि माल अंगावर पडला. १९७५ साली त्यांनी आ कोरुन्या शहरात स्वतःचं दुकान काढलं. तेच 'झारा'.

खरी गंमत पुढे आहे. बाकीचे सहा-सहा महिने आधी ढीगभर माल शिवून ठेवायचे. हा थोडाच शिवायचा. काय खपलं, बाई काय मागून परत गेली, हे दुकानातून रोज कळवायचं. बरंचसं कापड बिनरंगी ठेवायचं, मागणी दिसली की रंगवायचं. आठवड्यातून दोनदा दुकानात नवा माल. त्यामुळे पडून राहणारा माल कमी, आणि चालू पद्धतीचे कपडे साध्या माणसाच्या खिशाला परवडू लागले. धंदा वाढला, पण शिवणाऱ्या बायांच्या हाती त्यातलं किती आलं, हे मला टोचतंच.

आता आम्ही एका वेळी बाराच परकर शिवतो. मंगळवारच्या बाजारात मी वही घेऊन बसते. गेल्या खेपेला तिघींनी विचारलं, "ताई, खिसा का नाही लावला?" या मंगळवारी खिशाचे बारा नेतेय.