घरगुती औषधे आणि त्यांची मर्यादा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



 आजचा विषय फार मोठा नाही. तो आपल्या चुलीशेजारच्या मसाल्याच्या डब्यात मावणारा आहे. परंतु त्या डब्यावर आपण किती आणि कुठवर विसंबावे, हा प्रश्न कधी कधी जीवनमरणाचा होतो. म्हणून तो येथे मांडावासा वाटला.

मर्यादा हा शब्द आपल्याला नवा नाही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि हिवाळ्यात ७ दिवस, हे आपल्या घरातील लहान मुलीलाही ठाऊक असते. गाळलेल्या पाण्याची मर्यादा वेगळी, उकळलेल्या पाण्याची वेगळी. कोणता पदार्थ कधीपर्यंत योग्य, याचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या समाजाने घरगुती औषधांनाही तोच नियम लावावा, एवढेच माझे सांगणे आहे.

आपली वैद्यकपरंपरा जुनी आहे. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ संस्कृतात रचला. औषध म्हणूनही मांसाची आवश्यकता नाही, हे त्यांनी त्यात आग्रहाने प्रतिपादन केले. हा ग्रंथ १९४० साली आपल्या सोलापुरातूनच हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. रोग बरा करताना व्रत मोडण्याचे कारण नाही, ही दृष्टी आपल्या स्वयंपाकघरातही उतरलेली आहे. ओले आले वर्ज्य, परंतु वाळलेली सुंठ चालते. ओली हळद नको, परंतु हळकुंडाची पूड हवी. मध आपण घेत नाही, तेथे गूळ किंवा खडीसाखर घेतो. योगायोग असा, की एक वर्षाच्या आतील बालकाला मध मुळीच चाटवू नये, असे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते; कारण मधात असू शकणाऱ्या काही जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलाला स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा होऊ शकते.

आता डबा उघडू या. पोटात वायू धरला असता अर्धा चमचा ओवा चिमूटभर सैंधवासह चावून वर कोमट पाणी घ्यावे. ओव्याचा उग्र वास ज्या थायमॉल नावाच्या द्रव्यामुळे येतो, तेच त्यातील गुणकारी द्रव्य होय. तान्ह्या बाळाचे पोट फुगले तर हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावतात, ते तेवढेच ठीक. पोटात मात्र देऊ नये. घसा धरला असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात. सर्दीत सुंठ, गूळ आणि तूप यांची सुपारीएवढी गोळी मोठ्या माणसाने सकाळी घ्यावी. मधुमेह असणाऱ्याने गूळ टाळावा. दाढ ठणकू लागली तर लवंग दाढेखाली धरावी. तिच्यातील युजेनॉल या द्रव्याने तो भाग बधिर होतो आणि ठणका थांबतो. परंतु कीड तशीच राहते. म्हणजे लवंगेची मर्यादा दंतवैद्याकडे पोहोचेपर्यंतचीच आहे.

हळदीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. १९९५ साली अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. घरोघरच्या आज्यांना ही गोष्ट माहीत आहे, एवढे सांगून तेथे भागले नाही. जुने लिखित पुरावे सादर करावे लागले. घरातील ज्ञान लिहून ठेवले पाहिजे, हा त्यातील बोध आहे.

त्याच हळदीची दुसरी बाजूही पाहावी. पिवळेपणा वाढविण्यासाठी काही ठिकाणी तिच्यात लेड क्रोमेट हे शिसेयुक्त विषारी द्रव्य मिसळले जाते. म्हणून अखंड हळकुंडे आणून घरी दळावीत, हे उत्तम. सांगलीची बाजारपेठ आपल्याला दूर नाही. शिवाय दुधातील चिमूटभर हळद वेगळी आणि बाजारातील हळदीच्या अर्काच्या गोळ्या वेगळ्या. अशा गोळ्यांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहे. चिमूट ही सुद्धा मर्यादाच आहे.

स्वयंपाकघरातील सर्वांत थोर औषध कोणते, असे कोणी विचारले तर मी मीठ, साखर आणि पाणी असे उत्तर देईन. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजण्याची व्यवस्था केली. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांपर्यंत उतरले. आतड्यात साखरेबरोबर मीठ शोषले जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी शरीरात ओढले जाते, हे त्यामागील साधे शास्त्र आहे.

जुलाब झाले असता औषधाच्या दुकानातील ओआरएसची पुडी मिळाली तर तीच वापरावी. न मिळाल्यास १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ अधिक झाले तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून अंदाजाने घालू नये. पाणी उकळून थंड केलेलेच हवे. लवंग टाकून प्रासुक केलेले पाणी व्रतासाठी योग्य असले, तरी रुग्णाच्या पाण्याला उकळीच लागते. हे मिश्रण २४ तासांनंतर टाकून नवे करावे. उकळलेल्या पाण्याची आपली मर्यादाही तेवढीच आहे.

येथे एक नाजूक प्रश्न उपस्थित होतो. आपल्यापैकी अनेकांचा रात्रिभोजनत्याग आहे. परंतु जुलाब सूर्यास्त पाहून थांबत नाहीत. लहान बालकाला व्रत नसते. त्याला रात्रभर चमच्याचमच्याने पाणी पाजत राहावे, यात शंका बाळगू नये. वयोवृद्ध व्रतींनी आजारपणात काय करावे, हे निरोगी असतानाच गुरुजनांना आणि डॉक्टरांना विचारून ठरवून ठेवावे. मध्यरात्री, ग्लानी आलेली असताना, हा निर्णय घरच्या सुनेवर सोडणे न्यायाचे नाही.

जेथे डबा बंद करावयाचा, त्या जागा आता सांगतो. भाजल्यावर तूप, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या साध्या थंड पाण्याखाली धरावा; बर्फ नको. शौचावाटे रक्त पडणे, ताप ३ दिवसांहून अधिक राहणे, मुलाचे डोळे खोल जाणे, लघवी बंद होणे, मूल सुस्त पडणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपचार थांबवून डॉक्टरांकडे जावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. प्रौढ माणसाच्या छातीत दाब किंवा कळ आली, ती हातात वा जबड्याकडे जाऊ लागली, दरदरून घाम सुटला, दम लागला, तर “गॅस झाला असेल, ओवा घे” असे म्हणत घरात बसू नये. स्त्रियांत आणि मधुमेहींत कळ न येता नुसता अशक्तपणा, मळमळ किंवा दम अशीही लक्षणे असू शकतात. हृदयविकाराच्या झटक्यात प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. तेव्हा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ओव्याने वायू सरतो, रक्तवाहिनीतील गुठळी विरघळत नाही. आपल्या घरांतून वडीलधारी माणसे “मला काही झालेले नाही, उगाच कोणाला त्रास नको” असे म्हणतात. त्यांचा मान राखण्यासाठीच त्या वेळी त्यांचे ऐकू नये.

शेवटी एक विनंती. प्रत्येक घरातील आजींना, सासूबाईंना विचारून त्यांना ठाऊक असलेली औषधे एका कागदावर लिहून घ्यावीत. प्रत्येक औषधापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: प्रमाण किती, कोणत्या वयाला चालते आणि किती दिवसांत उतार न पडल्यास डॉक्टरांकडे जायचे. तो कागद आपल्या डॉक्टरांना एकदा दाखवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. अशाने आजींचे ज्ञान पुढच्या पिढीकडे जाईल आणि त्याची मर्यादाही त्याच्याबरोबर जाईल.