अध्यापकाची घडण आणि संस्थेचे उत्तरदायित्व



या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार मानणे हे माझे पहिले कर्तव्य आहे. आणि स्वतःच्या अपात्रतेचे रीतसर वर्णन करीत आपला वेळ न दवडणे, हे दुसरे. ही दोन्ही कर्तव्ये एकाच वाक्यात उरकून मी विषयाकडे वळतो.

आपल्या व्यवसायात एखाद्या तरुणाने रुग्णाच्या उदराला शस्त्र लावण्यापूर्वी त्याला वर्षानुवर्षे वरिष्ठांच्या देखरेखीखाली उमेदवारी करावी लागते, आणि ते सर्वस्वी योग्यच आहे. परंतु तोच तरुण पदव्युत्तर पदवी घेऊन महाविद्यालयात अध्यापक म्हणून रुजू झाला, की शिकविण्याचे सामर्थ्य त्याला नेमणुकीच्या हुकुमाबरोबरच प्राप्त झाले असे आपण पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरीत आलो. आपल्या प्राचीन आचार्यांनी ही चूक केली नव्हती. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याने आचार्याची परीक्षा कशी करावी हे सांगताना शास्त्रज्ञान आणि हस्तकौशल्य यांबरोबरच दुसऱ्यास समजावून देण्याचे सामर्थ्य हा आचार्याचा स्वतंत्र गुण म्हणून गणलेला आहे. आणि सुश्रुताने तर शिष्याचा हात रुग्णाच्या देहावर पडण्यापूर्वी तो भोपळ्यासारख्या फळांवर, चामड्याच्या पिशव्यांवर आणि कमळाच्या देठांवर बसविण्यासाठी एक संपूर्ण अध्याय खर्ची घातला आहे. ज्ञान असणे आणि ते देता येणे या दोन भिन्न सिद्धी आहेत, हे त्यांना पुरते उमगले होते.

आधुनिक काळात हा विचार पुन्हा मूळ धरू लागला तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. अमेरिकेतील बफेलो येथे जॉर्ज मिलर या वैद्याने १९५०च्या दशकात शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांना बरोबर घेऊन वैद्यकीय अध्यापनाकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्यास आरंभ केला. १९७५ साली डंडी येथील रोनाल्ड हार्डेन यांनी, परीक्षकाच्या लहरीवर अवलंबून असलेल्या प्रात्यक्षिक परीक्षेला पर्याय म्हणून, ठरावीक वेळात ठरावीक कौशल्ये टप्प्याटप्प्याने तपासणारी ‘ऑस्की’ पद्धती मांडली. त्याच सुमारास आपल्याकडे पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत अध्यापक-प्रशिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. पुढे १९९७च्या नियमावलीने प्रत्येक महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण कक्ष असावा असे सांगितले. कक्ष स्थापन झाले, दारांवर पाट्याही लागल्या; परंतु त्या दारांआड बसून आयुष्यभर हेच कार्य करू इच्छिणारी माणसे कोठून यावयाची, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

त्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांपैकी एकाविषयी मला आज विस्ताराने बोलावयाचे आहे. ज्या फिलाडेल्फिया शहरात १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी यांनी वैद्यकाची पदवी संपादन केली, त्याच शहरात परदेशी वैद्यकीय पदवीधरांची पात्रता तपासून त्यांना अमेरिकेतील रुग्णालयीन प्रशिक्षणाचा दरवाजा उघडून देणारी ‘ईसीएफएमजी’ ही संस्था आहे. भारतासारख्या देशांतून डॉक्टरांचा जो ओघ दशकानुदशके अमेरिकेकडे गेला, तो याच दरवाजाने गेला. त्या संस्थेने २००० साली ‘फायमर’ हे प्रतिष्ठान स्थापून, ज्या देशांतून हे पदवीधर येतात त्या देशांतील वैद्यकीय शिक्षण तेथल्या तेथे सुदृढ व्हावे म्हणून अध्यापकांसाठी फेलोशिप सुरू करावी, यात काही भाग प्रायश्चित्ताचा असेल तर तोही आपण स्वागतार्ह मानावा. २००१ पासून फिलाडेल्फियात चालू झालेली ही फेलोशिप २००५ मध्ये मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आणि के. ई. एम. रुग्णालयात प्रादेशिक रूपाने अवतरली; त्यापाठोपाठ २००६ मध्ये लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आणि २००७ मध्ये कोइमतूरच्या पी. एस. जी. संस्थेत तिची केंद्रे निघाली.

हिची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. मुदत दोन वर्षांची. परंतु त्या काळात अध्यापकाने आपली नोकरी, आपला विभाग आणि आपले रुग्ण सोडावयाचे नसतात. वर्षातून काही दिवस सर्वांनी एकत्र राहून अध्ययन करावे आणि उरलेले महिने आपापल्या गावी राहून दूरस्थ चर्चेने तो अभ्यास पुढे न्यावा, असा क्रम असतो. दुसऱ्या वर्षाची मंडळी आपले काम सादर करावयास येतात तेव्हाच पहिल्या वर्षाची नवी मंडळी दाखल होतात, आणि कालचा शिष्य आजच्या शिष्याचा मार्गदर्शक बनतो. पण या साऱ्याचा कणा म्हणजे प्रकल्प. प्रत्येक उमेदवाराने अर्जाबरोबरच आपल्या महाविद्यालयातील एखादी उणीव हेरून ती दूर करण्याची योजना मांडावयाची असते, आणि त्या योजनेस संस्थाप्रमुखाचे लेखी पाठबळ जोडावयाचे असते.

असा प्रकल्प काय करू शकतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. अखिल भारतीय कोट्यातून महाराष्ट्रात आलेल्या विद्यार्थ्याला वॉर्डातील रुग्णाची मराठी कळत नाही. ‘छातीत कळ येते’ आणि ‘छातीत धडधडते’ यांतील भेद त्याच्या लक्षात येत नाही, आणि केसपेपरवर दोन्हींची नोंद एकाच शब्दात होते. हे दुखणे सर्वांच्या परिचयाचे आहे; परंतु त्यावर प्रकल्प करावयास बसलेल्या अध्यापकाला प्रथम हे ठरवावे लागते, की विद्यार्थ्याला नेमके काय करता आले म्हणजे तो शिकला असे मानावयाचे. मग वेळापत्रकात तास मागण्यासाठी दोन विभागप्रमुखांची मनधरणी करावी लागते, नीतिसमितीची मंजुरी आणावी लागते, आरंभी व अखेरीस विद्यार्थ्यांचे रुग्णाशी बोलणे तपासावे लागते, आणि जे निष्पन्न झाले ते, मनासारखे नसले तरी, लिहून काढावे लागते. या खटाटोपात त्याला उमगते, की आपल्या महाविद्यालयांतील बहुतेक सुधारणा ज्ञानाच्या अभावी अडत नाहीत, त्या वेळापत्रकापाशी आणि दप्तरापाशी अडतात. म्हणून ही फेलोशिप जितके अध्यापन शिकविते तितकाच कारभारही शिकविते. आणि माझ्या मते तिचे खरे वैशिष्ट्य हेच आहे.

तिच्यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते घेणारे आदरणीय असल्यामुळे त्यांचा परामर्श घेणे आवश्यक आहे. पहिला असा, की आमच्या गुरुजनांनी कोणतीही फेलोशिप न घेता रुग्णशय्येपाशी उभे राहून पिढ्या घडविल्या. हे अक्षरशः खरे आहे. परंतु असे गुरू ज्यांच्या वाट्यास आले त्यांच्याच तोंडून आपण हे ऐकतो. ज्यांच्या वाट्यास ते आले नाहीत त्यांचे कोणी विचारीत नाही, आणि सार्वजनिक शिक्षणाची व्यवस्था दैवयोगावर सोपविता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की शिक्षणशास्त्राच्या नादी लागलेला डॉक्टर हळूहळू रुग्णापासून दूर जातो आणि परिभाषेच्या जंगलात रमतो. हा धोका वास्तविक आहे. त्यावर उपाय इतकाच, की अशा अध्यापकाने आपली ओ.पी.डी. आणि आपला वॉर्ड सोडू नये, आणि त्याच्या संस्थेने त्याला ते सोडावयास लावू नये.

येथे सक्तीच्या प्रश्नाचा विचार करणे प्राप्त आहे. वैद्यकीय परिषदेने २००९ पासून प्रादेशिक केंद्रांमार्फत अध्यापकांसाठी मूलभूत कार्यशाळा सुरू केल्या. २०१९ साली क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, तेव्हा त्याच्या अंमलबजावणीसाठी देशभर अध्यापकांना तयार करावे लागले. आणि २०२२च्या पात्रता-नियमांनी तर बढतीसाठी हे मूलभूत प्रशिक्षण आवश्यक ठरविले. सर्वांना किमान तालीम मिळावी हे न्याय्यच आहे. परंतु सक्तीने हजेरीपट भरतो, आवड उत्पन्न होत नाही. आणि आवडीने पुढे आलेल्या थोड्यांची दीर्घ साधना व सर्वांसाठी नेमलेली अल्प तालीम या दोहोंना एकाच प्रमाणपत्राच्या मापाने मोजले, तर पहिली निष्फळ होते आणि दुसरी निर्जीव.

आता माझ्या प्रतिपादनाचे सार सांगतो. फेलोशिप दिली जाते व्यक्तीला, परंतु तिची फलश्रुती असते संस्थेच्या हाती. संस्थाप्रमुख जेव्हा उमेदवाराच्या अर्जासोबत आपल्या सहीचे पत्र देतो, तेव्हा तो केवळ शिफारस करीत नाही. तो एका करारात उतरतो. दोन वर्षांनी उत्साहाने परतलेला अध्यापक जर पूर्वीच्याच तासांना, पूर्वीच्याच परीक्षांना आणि तपासणीच्या कागदपत्रांना जुंपला गेला, आणि त्याचा प्रकल्प त्याच्या भित्तिपत्रकाबरोबर कपाटात गेला, तर तो करार मोडला असेच म्हटले पाहिजे. वैद्यकीय शिक्षण हे ज्याचे जीवितकार्य होऊ शकले असते, तो मग ते फावल्या वेळेतील छंद म्हणून करू लागतो, आणि काही वर्षांनी तेही सोडून देतो.

म्हणून या परिषदेपुढे मी तीन सूचना ठेवतो. पहिली, अशी दीर्घ फेलोशिप पूर्ण केलेल्या अध्यापकास आठवड्यातील निश्चित वेळ शिक्षण कक्षाच्या कामासाठी लेखी आदेशाने मिळावा. तोंडी आश्वासनावर चाललेले काम विभागप्रमुख बदलताच बंद पडते. दुसरी, विद्यार्थ्यांच्या शिकण्यात घडवून आणलेला आणि पुराव्यानिशी दाखविलेला बदल बढतीच्या वेळी संशोधनाइतकाच ग्राह्य धरला जावा, कारण ज्या कामाची मोजदाद होत नाही त्या कामाकडे तरुण वळत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. तिसरी, मुंबई-पुण्याच्या जुन्या महाविद्यालयांतील अनुभवी फेलोंनी नंदुरबार, गोंदिया, सिंधुदुर्ग अशा ठिकाणच्या नव्या महाविद्यालयांतील एकेका तरुण अध्यापकाचे पालकत्व दोन वर्षांपुरते स्वीकारावे. तेथे ग्रंथालय आणि ज्येष्ठ सहकारी या दोहोंची वाण असते, आणि जुन्या परंपरांचे ओझे नसल्यामुळे नव्या पद्धती रुजविण्यास अवसरही तेथेच अधिक असतो.

या सूचनांत खर्चाची बाब फार थोडी आहे. निश्चयाची मात्र बरीच आहे. समोर बसलेल्या अधिष्ठात्यांपैकी ज्यांनी या वर्षी कोणा उमेदवाराच्या अर्जावर सही केली असेल, त्यांनी येथून परतल्यावर त्याच्या प्रकल्पाची चौकशी करावी, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. उद्याच्या खुल्या अधिवेशनात या तिन्ही सूचना ठरावाच्या रूपाने चर्चेस घ्याव्यात अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.