दहा हजार रुपये आणि चार संपदा

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हांला आज उद्योगाविषयी बोलावयास सांगितले आहे. आपल्या मुलांपुढे हा विषय काढला की एकच उत्तर ऐकू येते, "साहेब, आपल्याकडे भांडवल कुठे आहे?" हे उत्तर खोटे नाही. ज्यांच्या वाडवडिलांना जमीन नव्हती, दुकान नव्हते, बाजारात पत नव्हती, त्यांच्या नातवाकडे बँक तारण मागते तेव्हा त्याने काय दाखवावे? परंतु भांडवल म्हणजे केवळ पैसा काय, हे तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी आम्ही इन्फोसिस या सॉफ्टवेअर कंपनीचे उदाहरण घेतो.

ही कंपनी १९८१ साली आपल्या पुण्यात सुरू झाली. श्री. नारायण मूर्ती हे म्हैसूरकडच्या एका शिक्षकाचे पुत्र. त्यांचा पहिला उद्योग पुण्यातच सुरू झाला आणि दीड-दोन वर्षांत बंद पडला. मग त्यांनी पटणी कॉम्प्युटर्समध्ये नोकरी केली आणि तेथील सहा सहकाऱ्यांसह नवी कंपनी काढली. सुरुवातीचे दहा हजार रुपये त्यांच्या पत्नी सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून दिले. त्या स्वतः अभियंता होत्या. सुरुवातीला कंपनीकडे स्वतःचा संगणकदेखील नव्हता. संगणक आयात करावयाचा तर सरकारी परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा घालाव्या लागत. त्यामुळे पहिले ग्राहक न्यूयॉर्कला होते आणि कामासाठी माणसांनाच तिकडे जावे लागे. १९८३ साली मायको या ग्राहकाच्या कामासाठी कंपनी बंगलोरला गेली.

मित्रांनो, ही कथा 'दहा हजारांचे कोट्यवधी झाले' अशी सांगितली जाते. आम्हांला ती अर्धी वाटते. उरलेली अर्धी समजून घेण्यासाठी आपण तथागतांकडे जाऊ.

कोलिय कुळातील दीघजाणु नावाचा गृहस्थ भगवंतांकडे आला. "आम्ही मुलाबाळांत राहणारी, सोन्यारुप्याचा व्यवहार करणारी माणसे. आमच्या हिताचे काही सांगा," असा त्याच्या विनंतीचा आशय होता. भगवंतांनी त्याला संसार सोड असे सांगितले नाही. त्यांनी इहलोकीच्या सुखासाठी चार गोष्टी सांगितल्या. अंगुत्तर निकायात हा प्रसंग आहे.

पहिली उट्ठानसंपदा, म्हणजे आपल्या कामातील कौशल्य आणि आळस न करणे. ते सात जण रिकाम्या हाताने आले नव्हते. संगणकाचे काम ते वर्षानुवर्षे करीत होते. ते काम देशात फार थोड्यांना येत होते. दहा हजार हे त्यांचे लहान भांडवल होते, ज्ञान हे मोठे होते.

दुसरी आरक्खसंपदा, म्हणजे कष्टाने मिळवलेल्याचे रक्षण. १९९० साली या कंपनीला दहा लाख डॉलरना विकत घेण्याची मागणी आली. नऊ वर्षे ओढाताण सोसलेल्या भागीदारांना ती मोहाची वाटली. "तुम्हांला विकावयाचे असेल तर तुमचा हिस्सा मी घेतो," असे मूर्ती म्हणाले. वास्तविक त्यांच्या हातात रोकड नव्हती. तरी सर्वांचे मन वळले आणि कंपनी टिकली. पुढच्याच वर्षी देशाचे आर्थिक धोरण बदलले व परवान्यांचा जाच कमी झाला. १९९३ साली कंपनीने ९५ रुपये दराने समभाग विक्रीस काढले, तेव्हा ते पूर्ण खपलेसुद्धा नाहीत. १९९९ साली तीच कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेलेली पहिली भारतीय कंपनी ठरली.

तिसरी कल्याणमित्तता, म्हणजे सद्गुणी मित्रांची संगत. एकट्याने कंपनी उभी राहत नसते. हिशेब पाहणारा, ग्राहक आणणारा, माणसे घडवणारा अशी माणसे लागतात आणि त्यांचा एकमेकांवर विश्वास लागतो. पुढे १९९४ पासून कंपनीने कर्मचाऱ्यांनाही समभाग दिले. जो राबला तो मालकीत वाटेकरी झाला.

चौथी समजीविता, म्हणजे मिळकत पाहून खर्च करणे. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले ते कळते, तसे गृहस्थाला आपली आवक-जावक कळली पाहिजे. सिगालोवाद सुत्तात तर मिळकतीची वाटणीच सांगितली आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. १९९५ साली एका बड्या विदेशी ग्राहकाने दर पाडून मागितले. कंपनीचे सुमारे चतुर्थांश उत्पन्न त्याच्याकडून येत होते. परवडणार नाही ते काम नको, असे सांगून कंपनीने तो ग्राहक सोडला आणि पुढे कोणा एकावर इतके विसंबावयाचे नाही असे ठरवले. ज्याला आपले पारडे ठाऊक असते त्यालाच 'नाही' म्हणता येते.

आता आपल्याविषयी. या चारांपैकी कौशल्य, राखण आणि काटकसर आपली मुले स्वतःच्या बळावर मिळवू शकतात. अडते ते तिसऱ्यापाशी. पहिला ग्राहक कोणाच्या ओळखीने मिळतो, निविदा कशी भरावी, कराचा कागद कसा ठेवावा, हे ज्यांच्या घरी तीन पिढ्या व्यापार आहे त्यांना जेवताना कळते. आपल्या मुलाला ते विचारायला माणूस नसतो. जातीने आपल्याला पैशापासून दूर ठेवले, तसेच या ओळखींपासूनही दूर ठेवले. पैशासाठी योजना निघाल्या, पण ओळख कोणत्याही योजनेत मिळत नाही.

तो कल्याणमित्र आपली संस्था होऊ शकते. आपल्यातील अभियंते, बँकेतील अधिकारी, हिशेबनीस, वकील यांनी महिन्यातून एक रविवार या विहारात बसावे. मुलांचे हिशेब तपासावेत, पत्रे वाचून द्यावीत, ओळख करून द्यावी. वर्गणीपेक्षा हे दान मोठे आहे. बाबासाहेबांनी १९५३ साली मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय उभे केले, ते आपल्या मुलांनी व्यापाराचे शास्त्रही शिकावे म्हणूनच, असे आम्ही मानतो. सरकारी नोकरी हा हक्क आहे, तो सोडावयाचा नाही. परंतु समाजातील प्रत्येक मूल नोकरीच्याच जाहिरातीची वाट पाहत बसले तर नोकऱ्या देणारे आपल्यातून कधी निघणार?

विद्यार्थ्यांनो, आजपासून दोन गोष्टी करा. एक काम असे शिका की ते गावात तुमच्याइतके कोणाला येऊ नये. आणि एक वही घाला, तीत रोजची आवक-जावक लिहा. दहा हजार रुपये उसने मिळतात, ही वही दुसऱ्या कोणाकडून उसनी मिळत नाही.

 नमो बुद्धाय! जयभीम!