दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू आणि शस्त्रवैद्याची धास्ती

परिषदेचे अध्यक्ष महोदय आणि दूरदूरच्या गावांहून आलेल्या नेत्रवैद्य बंधुभगिनींनो,

ज्या मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इस्पितळ उभे केले आणि जेथे पुढे दक्षिण महाराष्ट्रातून व उत्तर कर्नाटकातून रुग्णांची रीघ लागत गेली, त्या मिरजेत मी स्वागतसमितीच्या वतीने आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून तो पुरता सावरल्यावाचून दुसऱ्यास हात लावू नये, हा शिरस्ता आमच्या पिढीने गुरुजनांकडून घेतला, आणि त्यात भित्रेपणा नव्हता; कारण डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग कितीही विरळा असला, तरी तो एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांना ग्रासील, तर त्या माणसास आपण कोणत्या तोंडाने सामोरे जाणार, हा प्रश्न ज्याची झोप उडवीत नाही त्याने हाती शस्त्र न धरलेले बरे. शिवाय पहिल्या भिंगाचा नंबर चुकला, तर दुसऱ्या डोळ्याच्या वेळी हिशेब सुधारण्याची संधी मिळते, ती वेगळीच.

परंतु जत तालुक्यातील एक आजीबाई मला विसरता येत नाहीत. त्यांचा उजवा डोळा उत्तम झाला. पुढे मुलगा ऊसतोडीला गेला, सोबतीला माणूस उरले नाही, आणि डाव्या डोळ्याची तारीख दिवाळीवरून उन्हाळ्यावर गेली. तेवढे महिने सुनेने पुढे केलेली कपबशी धरताना त्यांची बोटे बशीच्या अलीकडेच मिटत. “उजेड दिसतोय, पर अंदाज येईना,” असे त्या म्हणाल्या. आम्ही घेतलेल्या खबरदारीची किंमत त्या मोजीत होत्या.

आणि ज्या संसर्गाच्या भीतीने ही खबरदारी, त्याविषयी आता पुरावा आहे: शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात सेफ्युरॉक्झिम हे प्रतिजैविक सोडल्यास संसर्गाचे प्रमाण सुमारे पाचपटीने घटते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात दिसले; फिनलंडमध्ये व कॅनडात अनेक शस्त्रवैद्य दोन्ही डोळे एकाच दिवशी करतात; आणि नेदरलँड्समधील १० इस्पितळांत ८६५ रुग्णांवर झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दृष्टीच्या बाबतीत ही पद्धत उणी ठरली नाही. अर्थात इतक्या विरळ संसर्गाचा निवाडा ८६५ रुग्णांवरून लागत नाही, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो. अमेरिकेत सरकारी विमा त्याच दिवशीच्या दुसऱ्या डोळ्याचे निम्मेच शुल्क देतो, तेव्हा या पद्धतीबद्दलची तेथील सर्वच अनिच्छा केवळ वैद्यकीय आहे असे मानणे मला जड जाते.

माझे मत असे की, आपली धास्ती तारखांच्या अंतरात न राहता शस्त्रक्रियागृहाच्या शिस्तीत उतरावी: दुसरा डोळा म्हणजे जणू दुसरा रुग्ण, त्याची उपकरणे निर्जंतुकीकरणाच्या वेगळ्या खेपेतून आलेली, झगा, हातमोजे व चादर नवी, द्रावणे वेगळ्या बॅचची, आणि पहिल्या डोळ्यात तिळमात्र गुंतागुंत झाली, तर दुसरा त्या दिवशी मुळीच नाही. जेथे उपकरणांचा संच एकच आहे आणि तोच घाईघाईने उकळून पुन्हा टेबलावर येतो, तेथे ही मुभा मी कोणासही देणार नाही.

उद्या सकाळच्या सत्रात हाच विषय आहे. ज्यांना ही पद्धत मान्य नाही, त्यांनी प्रथम बोलावे, अशी तजवीज अध्यक्षमहोदयांच्या संमतीने केली आहे. आणि ज्यांनी दोन्ही डोळे एका दिवशी केले आहेत, त्यांनी आपल्या यशाबरोबर आपल्या चुकांची टिपणेही सोबत आणावीत, ही माझी विनंती आहे.