अपरिचित संकल्पना आणि विश्वकोशाचे दार



विश्वकोशाच्या संपादकाची खरी परीक्षा काय घ्यावे यात नसते, काय गाळावे यात असते. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. छापील खंडाला पानांची मर्यादा असते. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाला ती नाही. तरीही गाळण्याचा प्रश्न तेथे उरलाच आहे. कारण तो कागदाचा नाही, कसोटीचा आहे.

बीजगणितातील 'क्वासीग्रुप' ही संकल्पना पाहा. नाव अनोळखी, पण तिचे उदाहरण शाळकरी वहीत सापडते: पूर्णांकांची वजाबाकी. आठातून पाच आणि मग दोन वजा केले, तर एक उरतो. पाचातून दोन वजा करून ती बाकी आठातून काढली, तर पाच उरतात. कंस हलला की उत्तर बदलते. तरीही आठातून किती वजा केले असता तीन उरतील, आणि कशातून आठ वजा केले असता तीन उरतील, या दोन्ही प्रश्नांना प्रत्येकी एकच उत्तर आहे. कोणत्याही दोन घटकांबाबत असे एकमेव उत्तर देणारी रचना म्हणजे क्वासीग्रुप.

सामान्य वाचकाला याचा काय उपयोग, असा आक्षेप येईल. तो प्रामाणिक आहे. पण लोकप्रियता हीच कसोटी मानली, तर कोशाचे पंचांग होईल. उलट, तज्ज्ञाचा आग्रह हीच कसोटी मानली, तर कोश मूठभरांची खासगी वही होईल. म्हणून दोनच प्रश्न विचारावेत. संकल्पना मांडणाऱ्याखेरीज इतरांनी स्वतंत्रपणे तिचा ऊहापोह केला आहे काय? आणि व्याख्येपलीकडे सांगण्याजोगे काही आहे काय?

क्वासीग्रुप या दोन्ही कसोट्यांना उतरतो. सान्त क्वासीग्रुपचे कोष्टक म्हणजे 'लॅटिन चौरस': प्रत्येक ओळीत व स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच. रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांत वाफ्यांची मांडणी करण्यासाठी हे चौरस वापरले. त्यांच्या जोड्यांविषयी ऑयलरने १७८२ साली मांडलेला तर्क १९५९ साली राज चंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी खोटा ठरवला. यांपैकी श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. शेताच्या वाफ्यापासून या विभागापर्यंत पोचणारी संकल्पना नुसती अनोळखी म्हणून बाहेर ठेवणे हा अन्याय होय.

याउलट, एकाच निबंधात जन्मून तेथेच राहिलेल्या संकल्पनेला मोठ्या नोंदीत एक परिच्छेद पुरे. मात्र तो निकाल अखेरचा मानू नये. गाल्वाचा निबंध १८३१ साली फ्रेंच अकादमीने स्वीकारला नाही. १८४६ साली ल्यूव्हिलने तो छापला, तेव्हा गाल्वा हयात नव्हता. कोशाने भविष्य वर्तवू नये. पण नकाराचे कारण लिहून ठेवावे आणि नवा पुरावा आला की दार पुन्हा उघडावे. ज्याला परक्या भाषेतील ग्रंथ परवडत नाही, त्या विद्यार्थ्यासाठी ते दार हाच ज्ञानाचा एकमेव रस्ता असू शकतो.