सूर खरे, आरोप खोटा



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, व्हिएन्नात राहणाऱ्या मोझार्टशी या सभामंडपाचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. पण मी ज्या अडचणीविषयी बोलणार आहे, ती कोणत्याही देशातल्या नाटककाराला पडणारी आहे. कलावंताचे चरित्र रंगभूमीवर दाखवावयाचे, तर त्याची कला दाखवावी कशी?

योद्धा दाखविणे सोपे. त्याच्या कमरेला तलवार आहे. तुकाराम दाखवावयाचा तर नटाला अभंग म्हणता येतो. पण युरोपातला संगीतकार काय करतो? तो मेजाशी बसतो, पाच रेघांच्या कागदावर टिंबे काढतो आणि शाई वाळण्याची वाट पाहतो. तिकीट काढून आलेल्या माणसाने पाहावे काय? शाई?

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून आपल्या कानांना एक सवय जडली आहे. साथीला वाद्ये असतात, पण गळा पात्राचा असतो. जो बोलतो तोच गातो. मोझार्टच्या बाबतीत हे जुळत नाही. त्याचे संगीत त्याच्या गळ्यात नाही. ते वीस-तीस वादकांच्या हातांत आणि श्वासांत वाटलेले आहे. ते वादक जमल्याखेरीज कागद मुका. म्हणजे मोझार्ट उभा करावयाचा तर एका नटाने भागत नाही, अख्खा वाद्यवृंद लागतो.

ही अडचण पुश्किन या रशियन कवीपुढेही आली होती. त्याने १८३० साली मोझार्ट आणि सालिएरी यांच्यावर एक छोटी शोकांतिका लिहिली. अँतोनिओ सालिएरी हा व्हिएन्नाच्या राजदरबारातला इटालियन संगीतकार, मोझार्टहून सुमारे साडेपाच वर्षांनी वडील. पुश्किनने त्याच्या हातून मोझार्टच्या पेल्यात विष घालविले. पुढे रिम्स्की-कोर्साकोव्हने त्याच शोकांतिकेची संगीतिका केली. ती १८९८ साली मॉस्कोत रंगमंचावर आली.

मग १९७९ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पीटर शॅफरचे ‘अमेडियस’ आले. त्यात म्हातारा सालिएरी १८२३ सालच्या एका रात्री आपल्यालाच, म्हणजे प्रेक्षकांना, आपली कहाणी सांगतो. मी देवाजवळ संगीत मागितले. त्याने ते एका थिल्लर, वाचाळ पोराला दिले आणि मला दिली ती फक्त ते ओळखण्याची शक्ती! अशी त्याची तक्रार आहे. शॅफरची युक्ती इथेच आहे. मोझार्टची थोरवी त्याने मोझार्टच्या तोंडून सांगितली नाही. ती त्याच्या वैऱ्याच्या कानांतून ऐकविली. पण त्या पहिल्या प्रयोगात संगीत ध्वनिमुद्रित होते.

२०१६ साली त्याच रंगमंदिरात मायकेल लाँगहर्स्ट या दिग्दर्शकाने हे नाटक पुन्हा बसविले, तेव्हा त्याने साउथबँक सिन्फोनिया या तरुण वादकांच्या वृंदाला थेट रंगमंचावर आणले. वीसेक वादक आणि काही गायक. वादक एका कोपऱ्यात बसून राहत नव्हते. वाद्ये हातात घेऊन ते पात्रांच्या मधून हिंडत होते, गर्दी होत होते, दरबार होत होते. २०२० सालच्या जुलैमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, या प्रयोगाचे चित्रीकरण आठवडाभर सर्वांना विनामूल्य पाहावयास ठेविले होते. मीही घरी बसून ते पाहिले. प्रत्यक्षाची सर त्याला नाही, हे कबूल. तरी जे कळावयाचे ते कळले.

या नाटकातले तीन प्रसंग सांगतो.

पहिला. सालिएरी एका मेजवानीच्या घरी शेजारच्या खोलीत बसला आहे. पलीकडे मोझार्टची तेरा वाद्यांची सेरेनेड सुरू होते. बारा फुंकण्याची वाद्ये आणि तळाला एक डबल बास. आधी खालचे स्वर संथपणे डुलू लागतात. काही विशेष घडते आहे असे वाटतही नाही. मग ओबोचा एकच स्वर वरून येतो आणि लांबत जातो. आता श्वास संपणार, असे वाटते तोच क्लॅरिनेट तो धागा हळूच उचलून घेते. सालिएरी हे शब्दांत सांगत असतो आणि आपण ते ऐकत असतो. वादक समोर असला म्हणजे त्याची छाती भरलेली दिसते. सालिएरीला वेदना कशाने झाली, हे मग समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा. मोझार्टची पत्नी कॉन्स्टान्झे नवऱ्याला काम मिळावे म्हणून त्याची हस्तलिखिते सालिएरीकडे घेऊन येते. सालिएरी वाचू लागतो. पानावर नजर पडताच संगीत उमटते. नजर उचलताच ते तुटते. कागदावरचे टिंब आणि कानातला स्वर यांचे नाते इतक्या सोप्या रीतीने दाखविलेले मी दुसरीकडे पाहिले नाही. सुरुवातीच्या शाईच्या कोड्याचे उत्तर हेच आहे. शाई दाखवू नका, शाई वाचणारा दाखवा.

तिसरा प्रसंग शांततेचा आहे. ‘फिगारोचा विवाह’ ही संगीतिका १७८६ साली व्हिएन्नात झाली. संगीतिकेत नृत्य नको, असा सम्राटाचा दंडक दाखवून दरबारच्या अधिकाऱ्याने नृत्याची पाने काढून टाकली, असे या संगीतिकेचा शब्दकार दा पोंते आपल्या आठवणींत सांगतो. मग तालमीत सम्राटासमोर नर्तक संगीतावाचूनच नाचले! शॅफरने हा प्रसंग घेतला आहे. ध्वनिमुद्रण थांबते तेव्हा यंत्र थांबते. जिवंत वादक हातात वाद्य असून वाजवीत नाही, तेव्हा कोणीतरी त्याला मनाई केलेली असते. शांततेलाही कर्ता लागतो, आणि तो जिवंत वाद्यवृंदातच दिसतो.

येथवर मी स्तुतिपाठकाचे काम केले. आता उलटतपासणी.

मंडळी, वाद्यवृंद हा फार प्रभावी साक्षीदार आहे. तो खोटे बोलत नाही. मोझार्टचे स्वर मोझार्टचेच आहेत. पण कोर्टात पाहिलेल्यांना ठाऊक असेल की, खरा साक्षीदार खोट्या फिर्यादीच्या बाजूने उभा करता येतो. स्वर खरे वाटतात, म्हणून गोष्टही खरी वाटू लागते. आणि गोष्ट काय सांगते? सालिएरीने मोझार्टची कामे तोडली, त्याला उपासमारीच्या वाटेला लावले. शॅफरने विषाची गोष्ट उचलून धरली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदविले पाहिजे. त्याचा सालिएरी विषप्रयोगाची खोटी कबुली देतो, ती निदान कुप्रसिद्धीने तरी आपले नाव उरावे म्हणून. तरी माणूस घरी जातो तो ‘सालिएरीने मोझार्टला संपविले’ हेच वाक्य घेऊन.

इतिहास काय म्हणतो? मोझार्ट ५ डिसेंबर १७९१ रोजी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी आजारपणात वारला. विषाला पुरावा नाही. मृत्यूपूर्वी दोन महिने आधी, ऑक्टोबरमध्ये, त्याने पत्नीला पत्र लिहिले. त्यात तो आनंदाने कळवितो की, सालिएरीला मी ‘जादूची बासरी’ पाहावयास नेले आणि पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत त्याने प्रत्येक तुकड्याला दाद दिली. हे वैऱ्याचे वर्णन आहे काय? पुढे मोझार्टचा धाकटा मुलगा सालिएरीकडेच शिकला. बेथोव्हेन आणि शूबर्टही त्याचे शिष्य. आणखी एक योगायोग पाहा. १७८५ साली मोझार्ट आणि सालिएरी यांनी दा पोंतेच्या शब्दांवर, आणखी एका संगीतकारासह मिळून केलेली छोटी रचना हरवली आहे, असे मानले जात होते. ती प्रागच्या संग्रहालयात सापडल्याचे २०१६ सालच्या आरंभी जाहीर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनला ‘अमेडियस’चा पडदा वर गेला. एका हाताने दोघांचे एकत्र काम उजेडात आले, दुसऱ्या हाताने दोघांचे वैर पुन्हा रंगले. टाळ्या कोणाला जास्त पडल्या असतील, हे सांगावयास नको.

आपल्याकडे १९६७ साली दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ आले. अभिषेकीबुवांचे संगीत, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब. तिथेही गाण्याचे वैर आहे, पोळलेला अहंकार आहे. पण ते खाँसाहेब कल्पनेतले. त्यांचा कोणी वंशज उद्या उठून म्हणणार नाही की, माझ्या आजोबांची बदनामी केलीत. सालिएरी मात्र जन्मलेला, राबलेला, ७ मे १८२५ रोजी मेलेला माणूस आहे. मेलेल्या माणसाला अब्रूनुकसानीचा दावा लावता येत नाही. त्याचा वकील व्हावे लागते ते तुम्हाआम्हालाच.

मग अशी नाटके करू नयेत काय? तसे मी मुळीच म्हणणार नाही. नाटककाराला कल्पनेचे स्वातंत्र्य हवेच. वाद्यवृंद आणि नट यांना एकाच मंचावर आणून ज्याने पस्तीस वर्षांच्या त्या आयुष्यातले स्वर आपल्यासमोर जिवंत केले, त्याचे ऋणच मानले पाहिजे. माझे म्हणणे श्रोत्यांविषयी आहे. वाद्यवृंदाची साक्ष कशाबद्दल घ्यावयाची, हे आपण ठरवावे. हे संगीत किती थोर, याबद्दल ती साक्ष निर्णायक आहे. कोण सज्जन आणि कोण दुर्जन, याबद्दल ओबोला काही ठाऊक नसते.

आणि एक छोटीशी विनंती. ‘अमेडियस’ पाहून घरी गेलात, तर निजण्यापूर्वी एखादी सालिएरीचीही रचना लावून ऐका. ती मोझार्टच्या तोडीची वाटेल, असे वचन मी देत नाही. पण आरोपीचे म्हणणे ऐकून घेतल्याचे समाधान मिळेल, आणि तेही त्याच्याच सुरांत.